हृदयशस्त्रक्रियेनंतरचा डिलिरियम कसा टाळायचा: आयसीयूत नव्याने आलेल्या नर्सेससाठी

बायपास नीट झालेली, व्हेंटिलेटरची नळी निघालेली, सकाळी मुलाशी व्यवस्थित बोललेले काका दुसऱ्या रात्री दोन वाजता ड्रेन (छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी) ओढत "मले घरी जा लागते" म्हणून पलंगावरून उतरायला लागतात. नागपुरात सीव्हीटीएस (हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांच्या) आयसीयूत ड्यूटी लागलेल्या सिस्टर-ब्रदरला हे फार लवकर बघावं लागतं. नातेवाईक म्हणतात भूल उतरली नाही, कुणी म्हणतं वय झालं. खरं म्हणजे हा डिलिरियम असतो. मेंदूचं काम काही तासांत बिघडतं, लक्ष टिकत नाही आणि दिवसभरात हे कमी-जास्त होत राहतं. हृदयशस्त्रक्रियेनंतर साधारण चार पेशंटमागे एकाला तो होतो, सत्तरीपुढे प्रमाण वाढतं. बहुतेकांना पहिल्या तीन दिवसांतच होतो. ज्याला होतो त्याचा आयसीयूतला मुक्काम लांबतो, नळ्या ओढल्या जातात, पडझड होते आणि घरी गेल्यावरही कित्येक महिने स्मरणशक्ती पूर्वीसारखी राहत नाही.

हार्ट-लंग मशीनवरचा वेळ, रक्तदाबातले चढउतार, शरीरभर उठणारा दाह यांतलं फारसं काही आपल्या हातात नसतं. पण झोप, वेदना, चष्मा, पाणी, हालचाल आणि औषधांचा चार्ट आपल्या हातात आहे. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वॉर्डातल्या वृद्ध पेशंटना यातलीच बरीचशी साधी काळजी ठरवून दिली, तेव्हा डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ टक्क्यांवर आलं. ते हृदयशस्त्रक्रियेचे पेशंट नव्हते, पण दिशा तीच आहे.

आधी जवळ काय हवं

- रॅस (पेशंट किती जागा, किती अस्वस्थ हे +४ ते -५ मध्ये मोजायची पट्टी, ० म्हणजे जागा आणि शांत) आणि कॅम-आयसीयू (डिलिरियम ओळखायची चाचणी) यांचं कार्ड, मराठीत आणि हिंदीत, प्रत्येक बेडला
- वेदना मोजायचं सीपॉट कार्ड
- पेशंटला पडल्या पडल्या दिसेल असं मोठ्या आकड्यांचं घड्याळ, आणि वार-तिथी असलेलं मराठी कॅलेंडर
- डोळ्यांवरची पट्टी, कानात घालायचे बोळे
- चित्रांचा बोलका तक्ता: पाणी, दुखतं, लघवी, थंडी, गरमी, मुलगा, मुलगी
- चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळीसाठी नावाचं लेबल लावलेली डबी. श्रवणयंत्राचा जादा सेल
- छातीशी धरायची छोटी उशी

चष्मा, श्रवणयंत्र, कवळी हे सगळं ऑपरेशन थिएटरमध्ये जाताना काढून नातेवाइकांच्या पिशवीत जातं आणि तिथेच राहतं. आयसीयूत पेशंट पोचल्याच्या पहिल्या तासात बाहेरून मागवून घ्या.

१. आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन भेटा

पंधरा मिनिटं लागतात. नुसत्या फाइलवरून हे काम होत नाही. पेशंटशी आणि घरच्या माणसाशी वेगवेगळं बोला.

घरच्यांना विचारा: वर्षभरात विसरभोळेपणा वाढला आहे का, पैसे मोजताना चुकतात का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळतात का? आधी कोणत्या आजारात असे बरळले होते का? पूर्वी पक्षाघात झाला होता का? झोपेची गोळी रोज घेतात का, किती वर्षांपासून? कानाने कमी ऐकू येतं का? यातल्या एकालाही होकार आला तर हा जास्त धोक्याचा पेशंट. नोंद करा आणि शक्य असेल तर खिडकीजवळचा बेड त्याच्यासाठी धरा.

मग खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना घोटलेलं मिश्रण) आणि दारू. आपल्याकडे हे नीट विचारलं नाही तर अर्धी माहिती हातातून जाते. "तंबाखू खाता का?" म्हटलं की पुष्कळ जण नाही म्हणतात, कारण त्यांच्या लेखी खर्रा म्हणजे तंबाखू नव्हेच. "खर्रा दिवसाला किती पुड्या, शेवटचा कधी?" असं विचारा. निकोटिन बंद झाल्यावर चिडचिड, अस्वस्थता आणि झोपमोड पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वात जास्त असते, म्हणजे नेमकी डिलिरियमच्या दिवसांतच. निकोटिनचा पट्टा द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण त्यांना माहिती तुमच्याकडूनच मिळायला हवी.

दारूचंही तसंच. मोहाची असो की दुकानातली, रोज किती आणि शेवटची कधी, हे सासऱ्यांसमोर किंवा मुलीसमोर विचारू नका, एकट्यात विचारा. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हाताला कंप, घाम, धडधड सुरू होते आणि गंभीर प्रकार ४८ ते ९६ तासांत येतो. पेशंट दोन दिवस आधी भरती झाला असेल तर हा काळ नेमका शस्त्रक्रियेनंतर पडतो. तेव्हा उपचार वेगळा असतो, थायामिन (बी-१ जीवनसत्त्व) लागतं, म्हणून ही नोंद लाल शाईने करण्याइतकी महत्त्वाची.

शेवटी पेशंटला सांगा की जाग येईल तेव्हा घशात नळी असेल, बोलता येणार नाही, आवाज येत राहतील, तहान लागेल आणि हे सगळं ठरल्याप्रमाणेच चाललेलं असेल. बोलका तक्ता तेव्हाच हातात देऊन बोट ठेवायला लावा. छिंदवाडा, बालाघाटहून आलेल्यांशी हिंदीत बोला. गडचिरोलीकडच्या गोंडी बोलणाऱ्या आजी असतील तर नातवाकडून दुखणं, पाणी, लघवी, झोप असे दहा शब्द वहीत लिहून घ्या. रात्री दोनला तीच वही कामी येते.

२. सेडेशन हलकं ठेवा

व्हेंटिलेटरवर असताना सेडेशनचं (गुंगीत ठेवणाऱ्या औषधांचं) लक्ष्य रॅस ० ते -२ असावं. म्हणजे हाक मारली की डोळे उघडून बघतो, निदान थोडा वेळ नजर देतो. शांत रात्र जावी म्हणून पंपाचा वेग वाढवायचा मोह होतो. ते तास पुढे दुपटीने वसूल होतात.

रोज सकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून सेडेशन थांबवून बघायचं आणि जमलं तर त्याच बैठकीत पेशंटला स्वतःचा श्वास घ्यायला लावून बघायचं. छातीतून रक्त जात असेल, इनोट्रोप (हृदयाला जोर देणारी औषधं) वाढत असतील किंवा हृदयाला रक्त कमी पडत असल्याची ताजी खूण असेल तर थांबवू नका, आधी कळवा. मिडॅझोलामऐवजी प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडिन चालू असेल तर चांगलंच. डेक्समेडेटोमिडिनवर नाडी आणि रक्तदाब खाली येतो. पेसिंग वायर (गरज पडल्यास हृदयाचे ठोके बाहेरून चालवायची तार) जोडलेली आणि चालू स्थितीत आहे ना, हे पंप सुरू करण्याआधी बघा.

३. दर शिफ्टला चाचणी घ्या

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे शांत पडलेला पेशंट. ओरडणारा सगळ्यांच्या लक्षात येतो. पण जो भिंतीकडे तोंड करून पडून आहे, जेवत नाही, स्वतःहून काही मागत नाही, प्रत्येक प्रश्नाला "हाव, हाव" म्हणतो, त्याच्याबद्दल हॅण्डओव्हरमध्ये "पेशंट आरामात आहे" असं सांगितलं जातं. हा शांत प्रकार नेहमीचाच आहे आणि त्याचे परिणाम ओरडणाऱ्यापेक्षा चांगले नसतात. बरेचदा वाईटच असतात.

चाचणीला दोन-तीन मिनिटं लागतात:

आधी रॅस. -४ किंवा -५ असेल तर थांबा, नंतर पुन्हा बघा. -३ किंवा त्यावर असेल तर पुढे जा.

पहिला भाग: आदल्या दिवशीपेक्षा मानसिक स्थिती बदलली आहे का, किंवा २४ तासांत वर-खाली झाली आहे का? तुमची आदल्या दिवशीची नोंद इथे कामाला येते.

दुसरा भाग, लक्ष: मूळ चाचणी इंग्रजी अक्षरांची आहे. इंग्रजी न येणाऱ्यासाठी आकडे वापरा: "मी आकडे म्हणते, एक म्हटलं की माझा हात दाबा." मग नेहमीच्या आवाजात, तीन-तीन सेकंदांच्या अंतराने म्हणा: ८, १, ७, ५, १, ४, १, १, ३, ६. एकला न दाबणं ही चूक, दुसऱ्या आकड्याला दाबणं हीसुद्धा चूक. दोनपेक्षा जास्त चुका म्हणजे लक्ष टिकत नाही. कानाचं यंत्र लावल्याशिवाय ही चाचणी घेऊ नका.

तिसरा भाग: या क्षणी रॅस शून्य सोडून दुसरा काही आहे का?

चौथा भाग, विचारांची सुसूत्रता: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? एक किलो दोन किलोपेक्षा जड असतं का? हातोडीने खिळा ठोकता येतो का? शिवाय "माझ्यासारखी दोन बोटं दाखवा, आता दुसऱ्या हाताने तेवढीच दाखवा" ही सूचना. एकापेक्षा जास्त चूक म्हणजे हा भाग बिघडलेला.

पहिला आणि दुसरा भाग दोन्ही, आणि त्यासोबत तिसरा किंवा चौथा, असं जुळलं की डिलिरियम.

नाव, गाव, दवाखाना बरोबर सांगितला म्हणून पेशंट शाबूत आहे असं मानू नका. लक्ष हा गाभा आहे. उलट, तारीख किंवा साल सांगता आलं नाही म्हणून गोंधळलेला ठरवू नका. आमगावच्या शेतकरी आजोबांना तारखेपेक्षा वार आणि सण पक्का माहीत असतो. "काल पोळा झाला ना, आज नागपुरात मारबत निघते" असं बोलून बघा, कोण ताळ्यावर आहे ते लगेच कळतं.

नोंद करताना "कन्फ्यूज्ड" एवढंच लिहू नका. "रात्री २:१०, रॅस +१, कॅम-आयसीयू पॉझिटिव्ह, लक्षाच्या चाचणीत ५ चुका, डॉक्टरांना २:१५ ला कळवलं" असं लिहा. पुढच्या शिफ्टला तुलना करता येते.

४. दुखणं मोजा, अंदाज लावू नका

उरोस्थी (छातीचं मधलं हाड) कापलेली असते, छातीत ड्रेन असतात, पायातून शीर काढलेली असते. जो बोलू शकतो त्याला ० ते १० विचारा. "दुखतं का?" या प्रश्नाला पुष्कळ म्हातारी माणसं सिस्टरला त्रास नको म्हणून नाही म्हणतात. त्यांना खोकायला किंवा खोल श्वास घ्यायला सांगून मग विचारा. नळी असलेल्याला सीपॉट: चेहरा, हालचाल, स्नायूंचा ताठरपणा, व्हेंटिलेटरशी जुळणं. ८ पैकी ३ किंवा जास्त असेल तर दुखणं आहे असं धरून कळवा.

पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळेला द्या, मागितल्यावर नव्हे. नेहमीचा डोस ६ तासांनी १ ग्रॅम, पण वजन ५० किलोच्या आत असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर तो कमी लागतो. विदर्भातल्या कितीतरी आजी चाळीस-बेचाळीस किलोच्या असतात, वजन बघितल्याशिवाय बाटली लावू नका. ड्रेन काढण्याआधी आणि बेडवरून उठवण्याआधी वेदनाशामक पोचलेलं असावं.

५. रात्र राखा

डिलिरियम अडवायचा असेल तर रात्री ११ ते पहाटे ५ हे तास सांभाळायला लागतात, आणि आपल्या आयसीयूंमध्ये सर्वात जास्त मोडतात तेही हेच. पहाटे चारला स्पंज, साडेचारला रक्ताचे नमुने, पाचला एक्स-रे. सकाळच्या राउंडआधी सगळं आटपावं म्हणून हे होतं, त्यामागे कुणाचा निष्काळजीपणा नसतो. तरी स्थिर पेशंटचा स्पंज संध्याकाळी सातला घेता येतो. इन्चार्ज सिस्टरशी बोलून हा बदल करून घ्या. या एका बदलानेही पेशंटला सलग झोप जास्त मिळते.

दहाच्या सुमाराला सगळी कामं एकत्र करा: औषधं, तोंडाची स्वच्छता, कूस बदलणं, लघवीची पिशवी, साखर. मग बेडवरचा दिवा बंद, डोळ्यांवर पट्टी, हवे असतील तर कानात बोळे. पट्टी आणि बोळे दोन्ही, पेशंटला विचारूनच. पट्टी ओढून काढणाऱ्याला पुन्हा पुन्हा लावू नका.

मॉनिटरच्या अलार्मच्या मर्यादा पेशंटनुसार लावा. नाडी १०२ झाली की वाजणारा अलार्म रात्रभर ठणठणतो आणि कुणी त्याच्याकडे बघतही नाही. मर्यादा बदलायची, अलार्म बंद करायचा नाही. नर्सिंग स्टेशनवरचं बोलणं, मोबाइलवरचे व्हिडिओ, ट्रॉलीची चाकं यांचा आवाज तुम्हाला जाणवत नाही, पेशंटला सगळा ऐकू जातो.

आयसीयूचा एसी आपल्या लोकांना बोचतो. बाहेर मे महिन्यात ४५ अंशांवर गेलेलं ऊन आणि आत थंडगार हवा. पायाला मोजे, अंगावर चादर आणि जादा ब्लँकेट जवळ असू द्या. थंडीने जागा झालेला माणूस झोपेच्या गोळीने बरा होत नाही.

६. दिवस दिवसासारखा दिसू द्या

सकाळी सहा-सातला पडदे उघडा, दिवे लावा, चष्मा चढवा, कवळी बसवा. प्रत्येक वेळी बेडजवळ जाताना तुमचं नाव, त्यांचं ठिकाण आणि तुम्ही काय करणार आहात ते सांगा: "काका, मी सिस्टर, तुम्ही नागपूरला दवाखान्यात आहात, परवा ऑपरेशन झालं, आता बीपी बघते." दुपारची झोप अर्ध्या-पाऊण तासाची, त्यापुढे नको.

पहिल्याच दिवशी बेडच्या कडेला पाय सोडून बसवणं, मग खुर्ची, मग बेडजवळच उभं राहून पावलं टाकणं. सरासरी रक्तदाब ६५ च्या वर आणि ऑक्सिजन ९० च्या वर असावा, इनोट्रोप वाढत नसावेत, हृदयाची लय नव्याने बिघडलेली नसावी, ड्रेनमधून रक्त वाढलेलं नसावं. मांडीतून बलून पंप (हृदयाला मदत करणारा, धमनीत घातलेला फुगा) असेल तर उठवायचं नाही. उठताना हात टेकून जोर लावू द्यायचा नाही, छातीशी उशी धरून कुशीवरून उठवायचं. एकाने ड्रेन आणि पेसिंग वायर सांभाळायच्या, दुसऱ्याने पेशंट. वॉर्डबॉय मामांना आधी सांगून ठेवा, ऐनवेळी हाक मारू नका.

नळ्या जितक्या लवकर निघतील तितकं चांगलं. लघवीचा कॅथेटर, धमनीतली लाइन, ड्रेन यांबद्दल रोज राउंडला विचारा: "सर, हे आज काढायचं का?"

पोट साफ होणं आणि लघवी तुंबणं यांकडे दुर्लक्ष होतं. कॅथेटर काढल्यावर सहा तासांत लघवी झाली का बघा. ओटीपोट फुगलेलं आणि माणूस तळमळतोय, हे चित्र कितीदा तरी डिलिरियम म्हणून सेडेट केलं जातं.

७. औषधांचा चार्ट वाचा

अंगाला खाज सुटली, रक्त चढवताना पुरळ आलं की सरसकट एविल दिलं जातं. झोप येत नाही म्हणून फेनर्गन. दोन्ही वयस्क मेंदूला गोंधळात टाकतात. अल्प्राझोलाम, लोराझेपाम, ट्रामाडॉल, पेथिडिन यांच्याबाबतही सावध राहा. लिहून आलं असेल तर द्यायच्या आधी एकदा विचारा. पण दोन अपवाद पक्के लक्षात ठेवा: दारू सुटल्याचा त्रास असेल तर बेन्झोडायझेपाइन (लोराझेपामच्या गटातली औषधं) हाच उपचार आहे, आणि वर्षानुवर्षं झोपेची गोळी घेणाऱ्याची गोळी अचानक बंद केली तर त्यातूनच डिलिरियम होतो.

८. घरच्यांना कामाला लावा

रोज बदलणारे पाच जण येण्यापेक्षा ओळखीचं एकच माणूस ठरलेल्या वेळी आलेलं बरं. आत येण्याआधी त्यांना सांगा: वाद घालू नका, रडू नका, "मला ओळखलं का?" अशी परीक्षा घेऊ नका. स्वतःचं नाव सांगा, घरच्या साध्या गोष्टी बोला, शेत, नातवंडं, गाय व्याली का. भेटीची वेळ नसताना त्यांच्या आवाजातलं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंगही चालतं. बाहेर बसलेल्यांना दिवसातून एकदा नीट माहिती द्या. आणि पेशंट मागतो म्हणून कुणी खर्रा आत आणत नाही ना, हेही बघा.

९. तरीही झालाच तर

आधी नळ्या आणि सुरक्षितता, मग कारण. एका दमात हे बघा: ऑक्सिजन, रक्तदाब, नाडीची लय, ताप, साखर, लघवी, दुखणं. साखर ७० च्या खाली असेल तर तीच पहिली दुरुस्ती. मग डॉक्टरांना एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी), सोडियम-पोटॅशियम, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन यांची आठवण करून द्या. तोंड वाकडं, एका बाजूचा हात-पाय लुळा, शब्दच सापडत नाहीत असं दिसलं तर तो पक्षाघात समजून त्याच मिनिटाला कळवा. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं आहे.

हात बांधणं हा शेवटचा उपाय. बांधलेला माणूस जास्त झटतो. आधी पेशंटच्या हातांना हातमोजे, नळ्या नजरेआड झाकून ठेवणं, घरच्या माणसाला जवळ बसवणं करून बघा. बांधावंच लागलं तर लेखी आदेश, नातेवाइकांना सांगून संमती, आणि दर दोन तासांनी सोडून त्वचा आणि रक्तप्रवाह बघणं.

हॅलोपेरिडॉल डिलिरियम टाळण्यासाठी सरसकट द्यायचं नसतं. फार आक्रमक पेशंटला कमी डोसात, थोड्या वेळापुरतं दिलं जातं. त्याआधी ईसीजी काढून क्यूटीसी (ईसीजीवरचं एक माप, ते फार लांबलं की हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडू शकते) बघायचा. ५०० मिलिसेकंदांच्या वर असेल तर देऊ नका, आधी बोला. हृदयशस्त्रक्रियेचा पेशंट पुष्कळदा अमिओडॅरोनवर (हृदयाची लय सुधारणाऱ्या औषधावर) असतो, तेही क्यूटीसी लांबवतं. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम कमी असेल तर धोका वाढतो.

१०. वॉर्डात पाठवताना

आयसीयूतून बाहेर काढायचं ते शक्यतो दिवसा. रात्री अकराला नव्या खोलीत जागा झालेला माणूस पुन्हा हरवतो. हॅण्डओव्हरमध्ये शेवटच्या तीन शिफ्टच्या कॅम-आयसीयूच्या नोंदी, टाळायची औषधं, खर्रा-दारूची माहिती, चष्मा आणि यंत्राची डबी, हे सगळं तोंडी आणि लेखी द्या. वॉर्डच्या सिस्टरला पुढचे तीन दिवस शिफ्टला एकदा लक्षाची चाचणी घ्यायला सांगा.

आणि ज्याला डिलिरियम होऊन गेला त्याच्याशी डिस्चार्जच्या आधी बसून बोला. भिंतीवरून माणसं उतरताना दिसली, सिस्टर मारायला आली असं वाटलं, हे बरेच जण लाजेने सांगत नाहीत आणि वेड लागलं या भीतीने घरी झुरत राहतात. शस्त्रक्रियेनंतर असं होतं, अनेकांना होतं, हे त्यांना आणि मुला-सुनेला एकत्र सांगा. महिनाभरानंतरही विसरणं, गोंधळणं चालू राहिलं तर फॉलोअपच्या ओपीडीत सांगायचं, हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या.